मिरजगाव कोणाच्या हिशेबात? सार्वजनिक पैसा, भागीदारी आणि एका जिल्ह्याची दोन नशिबे

१/
अहिल्यानगर जिल्ह्याविषयी एक कथा दर उन्हाळ्याला नव्याने सांगितली जाते. उत्तरेकडचे राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव हे तालुके तेथील माणसांच्या उद्यमशीलतेने समृद्ध झाले. दक्षिणेकडचे कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पाऊस नाही आणि धडाडीचे पुढारी नाहीत म्हणून मागे राहिले. कथा सोपी आहे, लोकप्रियही आहे. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही. हा धागा तिच्या खंडनासाठी. 🧵

२/
खंडनासाठी उभे राहण्याची जागा म्हणजे मिरजगाव. कर्जत तालुक्यातले, अहिल्यानगरहून करमाळामार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे मोठे गाव. जवळून सीना वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते. नदीपलीकडे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका. गावाला रस्ता आहे, बाजारपेठ आहे, कष्टाळू शेतकरी आहेत. तरीही राज्याच्या विकासाच्या इतिहासात या पट्ट्याचा उल्लेख येतो तो ‘दुष्काळी भाग’ या दोन शब्दांत. असे का झाले?

३/
पाऊस हे उत्तर अपुरे आहे. राहाता, कोपरगाव आणि श्रीरामपूरही पर्जन्यछायेतच येतात. १८७६–७८ च्या दुष्काळाने संपूर्ण अहमदनगर जिल्हा होरपळला होता. त्यात उत्तर-दक्षिण असा भेद नव्हता. आज जिथे उसाचे मळे दिसतात, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती होती. भेद पुढे निर्माण झाला आणि तो आभाळातून पडला नाही. तो सरकारी तिजोरीतून, काही विशिष्ट करारांतून घडला.

४/
म्हणून आधी करारांचा इतिहास पाहायला हवा. ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हा शब्द १९९१ नंतरचा वाटतो. कल्पना फार जुनी आहे. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. जमीन सरकारने विनामूल्य द्यायची. भांडवल लंडनच्या भागधारकांनी घालायचे. आणि त्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने द्यायची. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती.

५/
या कराराची रचना नीट समजून घ्यावी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे. नफ्याची खात्री भागधारकाला, तोट्याची जोखीम रयतेला. रेल्वे कोठून न्यावी, दर किती ठेवावेत, हे ठरवताना रयतेला कोणी विचारले नाही. पैसा मात्र तिच्या सारापट्टीतून जात होता. १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तोपर्यंत अर्धशतक ही ‘भागीदारी’ चालली.

६/
महाराष्ट्रातील विचारवंतांनी हा प्रश्न तेव्हाच ओळखला होता. गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८० च्या दशकात पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेविस्ताराच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली. रेल्वेवर सढळ हाताने खर्च होतो आणि पाटबंधाऱ्यांकडे दुर्लक्ष होते, हा त्या काळच्या राष्ट्रीय अर्थचिंतनातला एक मुख्य आक्षेप होता. अहमदनगर जिल्ह्यातही १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग आला. कालव्यांचे मोठे जाळे यायला आणखी काही दशके जावी लागली.

७/
दुष्काळांच्या मालिकेनंतर १९०१–०३ च्या सिंचन आयोगाने दख्खनसाठी ‘संरक्षक’ कामांचा आग्रह धरला. या कामांतून सरकारला नफा मिळेल अशी अपेक्षा नव्हती. दुष्काळनिवारणावरचा पुढचा खर्च आणि माणसांचे हाल टळावेत, हा त्यांच्या समर्थनाचा पाया. प्रवरेवर भंडारदरा येथे १९१० मध्ये धरणाचे काम सुरू झाले, १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. गोदावरीचे कालवेही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतलेच.

८/
येथे भूगोलाला त्याचे श्रेय द्यायला हवे. प्रवरा आणि गोदावरी सह्याद्रीत उगम पावतात. घाटमाथ्यावरचा पाऊस त्यांच्या पात्रात उतरतो. सीनेचा उगम अहमदनगरच्या कोरड्या पठारावरच होतो. तिच्यावर भंडारदऱ्यासारखे धरण बांधता आले नसते, हे खरे. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की उत्तरेला पाणी देणे तुलनेने सोपे होते. दक्षिणेला ते देता येणार नव्हते, असे सिद्ध होत नाही.

९/
कालवे आल्यावर काय बदलले, याची पद्धतशीर पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली. धनंजयराव गाडगीळ यांचा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांवरचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीचे उत्पन्न पाहून कालवा ‘तोट्यात’ ठरवणाऱ्यांना त्याचा विषयच उत्तर होता : सार्वजनिक कामाचे मोल केवळ सरकारी जमाखर्चात मोजता येत नाही. शेती, मजुरी, व्यापार, वाहतूक या सगळ्यांत ते शोधावे लागते.

१०/
आणि मग प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. पहिले अध्यक्ष गाडगीळ. शेतकऱ्यांनी गावोगाव फिरून भाग जमवले, हे सर्वज्ञात आहे. मुंबई सरकारनेही भागभांडवल दिले आणि नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, हे मात्र उद्यमशीलतेची कथा सांगताना हमखास गाळले जाते.

११/
यात विखे पाटलांचे वा त्या शेतकऱ्यांचे मोठेपण उणावत नाही. उलट त्यांचे खरे कर्तृत्व येथेच दिसते. त्यांनी सरकारी पैशाशी भागीदारी केली आणि त्या भागीदारीत निर्णयाची जागा मिळवली. धरण सार्वजनिक, कालवा सार्वजनिक, भांडवलाचा मोठा वाटा सार्वजनिक. पण संचालक मंडळ ऊस पिकवणाऱ्यांचे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. भूमिहीन मजूर आणि ऊसतोड कामगार तिच्या बाहेरच राहिले. तरीही १८४९ च्या कराराच्या मानाने ती फार पुढे होती.

१२/
तेव्हा पहिला निष्कर्ष. उत्तर नगरची समृद्धी ही ‘सरकारवाचून स्वबळावर’ घडलेली गोष्ट नाही. सार्वजनिक गुंतवणूक आणि संघटित शेतकरी यांच्या भागीदारीचे ते फळ आहे. दक्षिणेला ‘उत्तरेकडून शिका’ असा उपदेश करणाऱ्यांनी पूर्ण धडा द्यावा : आधी धरण, मग कालवा, मग भागभांडवल, मग कर्ज आणि त्या सर्वांवर लाभधारकांचे नियंत्रण. यातले पहिले चार टप्पे वगळून पाचव्याची अपेक्षा धरणे हा उपदेश नव्हे, उपहास आहे.

१३/
दक्षिणेच्या वाट्याला काय आले? १९७२ चा दुष्काळ आणि खडी. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि तेवढीच राज्य शासनाची भर, यांतून खेड्यातल्या मजुराला काम. ही जगाने अभ्यासलेली व्यवस्था महाराष्ट्राने घडवली, याचा अभिमान रास्तच आहे.

१४/
पण रोजगार हमीने कामाचा हक्क दिला. कामातून उभ्या राहिलेल्या मत्तेवर हक्क दिला नाही. पाझर तलाव खणणाऱ्या बाईला आठवड्याचा पगार मिळाला. तलावातले पाणी झिरपून वाढले ते ज्याची विहीर तलावाखाली होती त्याचे. तलावात गाळ साचला, तेव्हा तो काढायचा कोणी, याचे उत्तर कोणत्याच कागदावर नव्हते. उत्तरेत सार्वजनिक पैशाने भागधारक घडवले, दक्षिणेत मजूर घडवले. या एका वाक्यात जिल्ह्याच्या दोन नशिबांचा बराचसा इतिहास येतो.

१५/
दुसरा मार्ग नव्हता का? होता, आणि शेजारच्याच पुणे जिल्ह्यात होता. त्याच १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर ठरत नव्हता, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरत होता. भूमिहीनांचाही हक्क मान्य होता. उसाला मनाई होती. शासनाचे अनुदान होते, पण लाभधारकांचा स्वतःचा वाटाही होता आणि पाणीवाटपाचे नियमही त्यांचेच होते. सार्वजनिक पैशाची अशीही भागीदारी शक्य असते.

१६/
आता अनुशेषाकडे. प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. अहवाल १९८४ मध्ये आला. तिने एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला : विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी. विकासाच्या राजकारणाला प्रथमच एवढा तपशीलवार आकडा मिळाला. हे काम मोलाचे होते. मिरजगावच्या दृष्टीने त्यात एक खोच होती.

१७/
समितीने मोजमापाचे एकक धरले जिल्हा. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा, त्याचा अनुशेष. आता अहमदनगर जिल्ह्याची सरासरी काढून पाहा. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालचे मळे आणि कर्जत-जामखेडची माळराने एकाच भागाकारात बसतात. श्रीरामपूरचे पाणी कागदोपत्री कर्जतलाही मिळते. सरासरीत तहान दिसत नाही. ज्याची उणीव आकड्यात उमटत नाही, त्याला निधीच्या वाटपात जागा मिळत नाही.

१८/
सीनेच्या काठावर ही विसंगती उघड्या डोळ्यांनी दिसते. पलीकडचा आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो मराठवाडा. अलीकडचा कर्जत तालुका ब्रिटिश मुंबई इलाख्यात होता, म्हणून तो ‘उर्वरित महाराष्ट्र’. आभाळ तेच, पिके तीच, ऊसतोडीला जाणारी गाडीवाटही तीच. पण संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, तेव्हा दोन काठ दोन वेगळ्या मंडळांत गेले. ‘उर्वरित’ या शब्दात कोकणापासून खानदेशापर्यंत सगळेच सामावले. त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

१९/
यावर कोणी म्हणेल, पाणी तर आले ना? खरे आहे. निमगाव गांगर्डा येथे सीनेवर मध्यम प्रकल्प झाला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील धरणांवर उभ्या असलेल्या कुकडी प्रकल्पाचा कालवा पारनेर, श्रीगोंदा ओलांडून कर्जत-करमाळ्याकडे येतो. भोसे खिंडीतून कुकडीचे पाणी सीना धरणात सोडण्याची सोयही झाली. सह्याद्रीचे पाणी सीनेत आणता येते, हे त्यामुळे सिद्धच झाले. भूगोलाची सबब तेथे संपली. पण कर्जत त्या लांबलचक कालव्याच्या शेपटाला आहे.

२०/
शेपूट म्हणजे काय, हे कालव्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. वरच्या अंगाला उपसा होतो, चाऱ्या फुटतात, आवर्तन लांबते. पाणी शेपटाला पोचेपर्यंत पीक तरी गेलेले असते किंवा आवर्तन तरी संपलेले असते. ‘टेल टू हेड’, म्हणजे आधी शेपटाला आणि मग वर, ही मागणी म्हणून प्रत्येक हंगामात उठते. ती तांत्रिक मागणी नाही. भागीदारीत निर्णय कोणाचा, हाच १८४९ चा प्रश्न तिच्यात दडला आहे.

२१/
आणि १८४९ ची आणखी एक सावली. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी पाणी ३१ मे २००० पूर्वी अडवायचे, या निकडीतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. पैसा उभारला रोख्यांतून, रोख्यांना हमी राज्य शासनाची. एकाच वेळी अनेक कामे हाती घेतली गेली. त्यांतली कित्येक रखडली. रोखेधारकाच्या व्याजाला शासनाची हमी होती. शेपटाच्या शेतकऱ्याच्या पाण्याला कोणाची हमी होती? त्याचे नाव त्या करारात कोठेच नव्हते.

२२/
मोठे कालवे जमत नाहीत तर गावशिवारात पाणी अडवा, हा विचार योग्यच. याच जिल्ह्यात हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, शेतीसाठी कूपनलिकांना मनाई केली. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातही श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी गावाने स्वीकारल्यावर काम सुरू होई. उलट २०१५–१९ या काळात जलयुक्त शिवारवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले. महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात अहमदनगरसह सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांची तपासणी होती. भूजल वाढवण्यात योजनेचा प्रभाव अल्प असल्याचे त्यात नोंदले आहे.

२३/
फरक पैशाच्या रकमेचा नाही. फरक आहे तो आधी ग्रामसभा की आधी निविदा, याचा. जेथे गावाने नियम केले, हिशेब ठेवला आणि देखभाल अंगावर घेतली, तेथे सार्वजनिक पैसा टिकला. जेथे गाव केवळ ‘लाभार्थी’ राहिले, तेथे यंत्रे आली, खोदकाम झाले, फलक लागला आणि दोन पावसाळ्यांत सगळे बुजले. ‘लाभार्थी’ आणि ‘भागीदार’ हे समानार्थी शब्द नाहीत. लोकवर्गणी घेताना गावाला भागीदार म्हणायचे आणि निर्णय घेताना लाभार्थी, हा दुटप्पीपणा बहुतेक योजनांच्या पोटात आहे.

२४/
म्हणून कोणत्याही सार्वजनिक प्रकल्पाला चार प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा? जोखीम कोणाची? चावी कोणाच्या हाती? फळ कोणाचे? १८४९ च्या रेल्वेत पैशाची हमी आणि जोखीम रयतेची, चावी आणि फळ कंपनीचे. प्रवरेत चारही उत्तरांत शेतकरी कमी-अधिक प्रमाणात होता. रोजगार हमीत मजुराला मजुरी होती, चावी नव्हती. कृष्णा खोऱ्याच्या रोख्यांत शेपटाचा शेतकरी कोणत्याच उत्तरात नव्हता.

२५/
यावर एक आक्षेप येतो : लोकांना विचारत बसले तर प्रकल्प कधीच पूर्ण होणार नाहीत. इतिहास नेमके उलट सांगतो. न विचारता हाती घेतलेलेच कितीतरी प्रकल्प दशकानुदशके अपुरे राहिले. आणि विचारण्याची चौकट नव्याने शोधायचीही गरज नाही. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाविषयीच्या कायद्याने पाणीवापर संस्थेत कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेपटाच्या लाभधारकांना समान प्रतिनिधित्व दिले आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी व्यवस्थापन चालवून दाखवले आहे. कायदा आहे, उदाहरण आहे. उणीव इच्छेची आहे.

२६/
तेव्हा मागण्या तीन. अनुशेषाचे एकक जिल्ह्याऐवजी तालुका असावे, म्हणजे सरासरीच्या आड कर्जत लपणार नाही. गुंतवणूकदाराला परताव्याची हमी देणाऱ्या प्रत्येक सिंचन करारात शेपटाला पाण्याच्या ठरावीक कोट्याची हमी असावी, आणि ती मोडल्यास भरपाईही. गावाच्या शिवारातले काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या पाण्याच्या ताळेबंदाशिवाय सुरू होऊ नये, आणि देखभालीची तरतूद मूळ खर्चातच धरावी.

२७/
२०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. त्यांचे जन्मगाव चोंडी जामखेड तालुक्यात, याच दुष्काळी पट्ट्यात आहे. होळकरांच्या कारभारात खासगी आणि दौलत यांचे हिशेब वेगळे ठेवले जात. खासगीचे स्वतंत्र उत्पन्न १७३४ च्या सनदेपासूनचे. देशभरातील घाट, विहिरी, धर्मशाळांवर अहिल्यादेवींनी खर्च केला तो या खासगीतून. कोणता पैसा कोणाचा आणि तो कशासाठी, हे तेथे कागदावर स्पष्ट होते. नाव घेणाऱ्यांनी ही शिस्तही घ्यावी.

२८/
उत्तर नगरच्या शेतकऱ्याला सार्वजनिक पैशाने भागीदार केले, म्हणून तो उभा राहिला. मिरजगावच्या शेतकऱ्याला तेवढी एक संधी अजून मिळालेली नाही. ती न देता त्याच्या उद्यमशीलतेची परीक्षा घेणे थांबवावे. दुष्काळ आभाळातून येतो. मागासपण करारातून येते, आणि करार बदलता येतात. (समाप्त)